नेटिव्ह नसलेल्या शिक्षकाचा हिशेब

गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीने थायलंडमधल्या एका शाळेचा करार मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. चार पानं, वर शाळेचा शिक्का, आणि खाली तिचा प्रश्न: 'दादा, जाऊ का?' ती एम.ए., बी.एड. आहे, टीईटी पास आहे आणि तालुक्याच्या गावी एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत महिना ९,००० रुपयांवर शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार मिळत नाही. मी स्वतः मे २०१४ ते मार्च २०२३ अशी नऊ शैक्षणिक वर्षं थायलंडच्या ईशान्य भागात, ज्याला तिकडे ईसान म्हणतात, इंग्रजी शिकवलं. त्यामुळे नात्यातली, ओळखीतली, कधी अगदी अनोळखी पोरंही हा प्रश्न मला विचारतात. फोनवर 'हो जा' किंवा 'नको जाऊस' म्हणून मोकळं होता येतं. पण तिचा करार वाचताना माझ्या लक्षात आलं, की इतकी वर्षं मी दोन्हीपैकी कुठलंही उत्तर मनापासून दिलेलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

ही मुलं का निघतात, हे धुळे-नंदुरबारमधल्या बी.एड. झालेल्या कुणालाही विचारावं. खासगी अनुदानित संस्थेत जागा निघाली की किती लाखांची बोली लागते, याची चर्चा पारावर उघड होते. सरकारी भरती वर्षानुवर्षं अडते, मग एकदम जाहिरात येते, मग ती कोर्टात जाते. शिक्षणसेवक म्हणून लागलात तर पहिली तीन वर्षं मानधनावर. प्राथमिकचं हे मानधन कित्येक वर्षं ६,००० रुपयांवर अडकलं होतं, २०२३ मध्ये ते १६,००० झालं. वरच्या वर्गांना तासिका तत्त्व, म्हणजे जितके तास घेतले तितके पैसे, तेही कधी सहा-सहा महिन्यांनी. अशा वेळी कुणी '१२० तासांचा ऑनलाइन कोर्स करा, परदेशात इंग्रजी शिकवा, नोकरीची हमी' असं सांगितलं, तर त्या पोराने नाही का म्हणावं? मीही नाही म्हटलं नव्हतं. आईच्या पाटल्या गहाण ठेवून कोर्स, विमानाचं तिकीट आणि दलालाची फी भरली.

दलाल म्हणाला, 'आधी पर्यटक व्हिसावर जा, तिथे गेल्यावर शाळा बदलून देते.' हे वाक्य आजही जसंच्या तसं वापरलं जातं, म्हणून त्याचा अर्थ सांगतो. पर्यटक व्हिसावर वर्गात उभं राहणं हे तिथल्या कायद्याने बेकायदा काम आहे. पकडले गेलात तर दंड, अटक आणि मायदेशी रवानगी तुमची होते, दलालाची नाही. मी पोहोचल्यावर तीन आठवड्यांच्या आत, २२ मे २०१४ रोजी, तिथे लष्कराने सत्ता हातात घेतली. रात्री दहानंतर संचारबंदी, रस्त्यावर सैनिक, आणि माझ्या पासपोर्टवर पर्यटकाचा शिक्का. जून महिन्यात एकदा शाळेत कामगार खात्याचे लोक आले, तेव्हा मला ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावली होती. तासाभराने शिपायाने कडी काढली आणि थंड पाण्याची बाटली हातात दिली. त्या खोलीत जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या होत्या, आणि मी २८ वर्षांचा, जळगावच्या विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेतलेला माणूस, चोरासारखा बसलो होतो. शेवटी नोंग खाईचा पूल ओलांडून लाओसमध्ये गेलो, नवा व्हिसा घेऊन परत आलो, आणि पुढच्या महिन्यात कामाचा परवाना मिळाला. ज्यांचं असं निभावत नाही, ती मुलं गावी परत आल्यावर कुणाशी बोलत नाहीत.

त्यानंतरचा भ्रमनिरास हळूहळू होत गेला आणि तो पगाराच्या पाकिटातून आला. थायलंडमध्ये शिक्षकांच्या परवान्याचं काम 'खुरुसफा' नावाची संस्था बघते. हा शब्द म्हणजे आपली गुरुसभाच, हे कळल्यावर मला केवढा आनंद झाला होता! परवान्याच्या दृष्टीने माझा कागद चांगला होता, कारण शिक्षणशास्त्राची पदवी माझ्याकडे होती. माझ्याबरोबर लागलेला इंग्लंडचा एक मुलगा २३ वर्षांचा होता, त्याची पदवी भलत्याच विषयाची, म्हणून त्याला परवान्यातून तात्पुरती सूट घ्यावी लागली. त्याला महिना ३५,००० बाट मिळायचे. मला १८,०००. तास माझे जास्त. फिलिपिन्सच्या तीन शिक्षिका होत्या, त्यांनी आपल्या देशातली शिक्षकांची परवाना परीक्षा दिलेली होती, दोघींना दहा वर्षांहून अधिक अनुभव होता, आणि त्यांचाही पगार माझ्याच आसपास होता. कारण जाहिरातीतच तीन अक्षरांनी ठरलेलं असतं: 'एनईएस', म्हणजे जन्माने इंग्रजी बोलणारा. बाकीच्यांनी आधी आपलं इंग्रजी टोइक किंवा आयईएलटीएससारख्या परीक्षेत सिद्ध करायचं, आणि सिद्ध केल्यावरही अर्ध्या पगारावर राहायचं.

पालकसभेच्या दिवशी त्या मुलाला फाटकाशी उभं करायचे. शाळेच्या माहितीपत्रकावर त्याचा फोटो होता, माझ्या वर्गात, माझ्या फळ्यापुढे, माझ्या हस्ताक्षरातल्या वाक्यांसमोर काढलेला. मला फोटोच्या वेळी बाजूला व्हायला सांगितलं. सांगणारी बाई फार चांगली होती, तिने हात जोडून सांगितलं, म्हणून अधिकच लागलं. तिथे गोऱ्या परदेशी माणसाला 'फरांग' म्हणतात आणि आपल्यासारख्यांना 'खॅक'. खॅक या शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा. पाहुण्याने पगाराची गोष्ट काढू नये असंच जणू सगळे धरून चालतात.

हे एकट्या थायलंडचं नाही. दक्षिण कोरियात परदेशी इंग्रजी शिक्षकाचा नेहमीचा व्हिसा सात देशांच्या नागरिकांपुरता ठेवलेला आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. यातला शेवटचा देश नीट बघावा. दक्षिण आफ्रिकेत घरी इंग्रजी बोलणारे लोक दहा टक्क्यांहूनही कमी आहेत. बाकीचे झुलू, खोसा, आफ्रिकान्स आणि इतर भाषा बोलतात, इंग्रजी शाळेत शिकतात. आपल्यासारखेच. मग यादी भाषेची आहे की पासपोर्टची? चांगला शिक्षक म्हणजे जन्माने इंग्रजी बोलणारा, ही समजूत आली कुठून, याचा एक धागा १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे इथे भरलेल्या राष्ट्रकुल परिषदेपर्यंत जातो. साम्राज्य आवरतं घेतलं जात होतं आणि इंग्रजी शिकवण्याचा व्यवसाय उभा राहत होता, त्या काळात ही समजूत तज्ज्ञांच्या तोंडून बाहेर पडली आणि बाजाराने ती उचलली. पुढे १९९२ मध्ये रॉबर्ट फिलिप्सन या भाषाभ्यासकाने तिचा खरपूस समाचार घेतला. इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या टेसॉल या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९१ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये असा भेदभाव चुकीचा आहे असं लेखी जाहीर केलं. ठराव झाले, जाहिराती बदलल्या नाहीत.

आणि भारतीय माणसाने परदेशात इंग्रजी शिकवणं ही काही कालची गोष्ट नाही. भूतानमध्ये १९६०च्या दशकात इंग्रजी माध्यमाच्या आधुनिक शाळा उभ्या राहिल्या त्या भारतातून गेलेल्या शिक्षकांच्या बळावर. डोंगर चढून, कित्येक दिवस चालत जाऊन त्यांनी शाळा चालवल्या. इथिओपियात सम्राट हायले सेलासीच्या काळात आपल्याकडचे, विशेषतः केरळचे, शिक्षक मोठ्या संख्येने गेले आणि त्यांच्या हाताखाली एक पिढी शिकली. नायजेरियातही भारतीय शिक्षक होते. त्यांना कुणी 'तुमची मातृभाषा इंग्रजी आहे का' असं विचारून अर्धा पगार दिल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. हा इतिहास आपल्याच पोरांना माहीत नाही. माझ्या दलालाला तर नव्हताच, कारण तो मला विमानतळावर म्हणाला होता, 'कोणी विचारलं तर आईची भाषा इंग्रजी आहे म्हणून सांग.' माझ्या आईची भाषा अहिराणी आहे. तिथे एकदाही मी हे खोटं बोललो नाही, याचं मला आजही समाधान वाटतं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे नुसतं रडगाणं होईल आणि मावसबहिणीला त्याचा काही उपयोग नाही. मला इंग्रजी पाचवीत भेटली. व्याकरण पक्कं होतं, पण बोलण्याचा सराव म्हणाल तर जवळपास नाही. पहिल्या वर्षी मी काय केलं? जे माझ्या मास्तरांनी केलं तेच. क्रियापदांची तीन रूपं फळ्यावर, चाळीस-पंचेचाळीस पोरांनी एका सुरात म्हणायची. पोरं म्हणत होती. बाहेर आल्यावर एकालाही 'मला तहान लागली' असं इंग्रजीत सांगता येत नव्हतं. फिलिपिन्सच्या शिक्षिकांपैकी एकीने माझा तास मागच्या बाकावर बसून पाहिला आणि संध्याकाळी स्पष्ट सांगितलं, 'तू त्यांच्याकडून बोलून घेत नाहीस, ओरडून घेतोस.' दोन दिवस राग आला, मग तिच्याकडूनच शिकलो. त्या इंग्लंडच्या मुलाकडूनही शिकलो: बोलण्याचा ठेका, वाक्यात जोर कुठे द्यायचा, गप्पांतला सहजपणा. जन्मापासून भाषेत वाढलेल्या माणसाकडे हे असतंच आणि मुलांना ते मिळायला हवं. पण त्याचीही फसवणूकच झाली होती. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर घेऊन आलेला, शिक्षक व्हायचं म्हणून आलेला पोरगा, आणि शाळेने त्याला फाटकावर उभं केलं. 'मी इथे शोभेचा आहे,' असं तो एकदा म्हणाला आणि दुसऱ्या सत्राच्या मध्यावर न सांगता निघून गेला. ज्याला दुप्पट पगार होता तो दीड वर्षही टिकला नाही. तेव्हा पगार हा एकच प्रश्न नाही, हे मला त्याच्या रिकाम्या टेबलाकडे बघून कळलं.

माझं टिकणं कशामुळे झालं, ते सांगायला ईसानबद्दल थोडं सांगावं लागेल. बँकॉकमधल्या लोकांच्या लेखी हा मागास, कोरडवाहू, मजूर पुरवणारा भाग. आईबाप बँकॉकला किंवा परदेशात कामाला, पोरं आजीआजोबांकडे. आपल्याकडे ऊसतोडीला गेलेल्यांची मुलं गावात म्हाताऱ्यांबरोबर राहतात, अगदी तसंच. घरात ही मुलं ईसान बोलतात, जी लाओ भाषेच्या जवळची आहे. शाळेत थाई. 'नाही'ला घरात 'बो' आणि वर्गात 'माय'. पोरांच्या तोंडून वर्गात 'बो' निघालं की काही शिक्षक कपाळाला आठ्या घालायचे. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमच्या गावातली मराठी शाळा आठवली. 'आहे'ला 'शे' म्हटलं म्हणून सगळा वर्ग हसला होता, आणि गुरुजींनी मला ते वाक्य तीनदा म्हणायला लावलं होतं. अहिराणी घरातली, मराठी शाळेतली, इंग्रजी पाचवीतली. माझ्यापुढे बसलेल्या पोरांची पायरी अगदी हीच होती. इंग्रजी त्यांचीही तिसरी भाषा. तिसऱ्या भाषेत पाय कुठे घसरतो, हे मला पुस्तकातून वाचावं लागलं नाही.

२०१९ मधली एक गोष्ट. नववीच्या वर्गातली, फारशी न बोलणारी एक मुलगी मधल्या सुट्टीत मोबाइल घेऊन आली. ईसानमध्ये बऱ्याच घरांतल्या बायकांनी युरोपातल्या माणसांशी लग्नं केली आहेत. हिच्या आईनेही एका जर्मन माणसाशी लग्न केलं होतं. तो वर्षातून दोनदा यायचा, एरवी पैसे पाठवायचा. आईला इंग्रजी येत नाही, म्हणून निरोप ही मुलगी लिहायची. आई आजारी होती आणि महिनाभरात त्याचा फोन नव्हता. मुलीने थाईत लिहिलेलं वाक्य भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकलं, तर इंग्रजीत आलं, 'कॉल मदर टुडे.' ती मला म्हणाली, 'टीचर, नॉट लाइक धिस. हाऊ टू मेक सॉफ्ट?'

थाईत वाक्याच्या शेवटी 'ना' लावतात. ऐकायला आणि अर्थाला आपल्या 'ना'च्या इतकं जवळचं की मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दचकलो होतो. 'फोन कर' आणि 'फोन कर ना' यातलं अंतर कुठल्याही मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्या मुलीने थाईत 'ना' लिहिला होता, यंत्राने तो गाळला आणि विनवणीचा हुकूम झाला. इंग्रजीत असा 'ना' नाही. तिथे ते काम क्रियापदाला आणि प्रश्नाच्या रचनेला करावं लागतं. मी तिला लिहून दिलं, 'कुड यू कॉल मदर वेन यू हॅव टाइम?' तिने ते दोनदा वाचलं आणि मान हलवली. त्याला वेळच मिळाला नाही तर? तिला फोन आजच हवा होता. मऊही हवं होतं आणि आजही हवं होतं. आम्ही दोघं खाली बाकावर बसलो, तीन-चार वाक्यं खोडली, आणि शेवटी तिनेच जुळवलं: 'मदर इज वेटिंग. कुड यू कॉल हर टुनाइट?' माझ्यापेक्षा चांगलं वाक्य. रात्री फोन आला की नाही ते मी विचारलं नाही, तिने सांगितलंही नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मी सगळ्या वर्गाला तोच तास घेतला: तुमचा 'ना' इंग्रजीत कुठे ठेवायचा. त्या वर्षातला तो माझा सगळ्यात चांगला तास होता. पोरं आपल्या घरातली वाक्यं घेऊन येत होती, आजीकडे पैसे मागायची, भावाला सायकल दे म्हणायची, आणि प्रत्येक वाक्याला आम्ही त्याचा 'ना' शोधून देत होतो.

या प्रसंगात कोण कोण आहे ते बघा. लिहिणारी ईसानची, वाचणारा जर्मन, शिकवणारा साक्री तालुक्यातला. या सगळ्यात जन्माने इंग्रजी बोलणारा एकही माणूस नाही, आणि तरी इंग्रजीवाचून काम होणार नव्हतं. जगात आज इंग्रजीचा बराचसा वापर असाच चालतो, दोन्ही बाजूंना दुसऱ्या-तिसऱ्या भाषेत बोलणारी माणसं. आपले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८०च्या दशकात इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली: आतलं ब्रिटन-अमेरिकेसारख्यांचं, त्याबाहेर भारतासारख्यांचं, आणि सर्वांत बाहेरचं थायलंडसारख्या देशांचं. पगार ठरवणारे अजून आतल्या वर्तुळात उभे आहेत. गिऱ्हाईक मात्र बाहेरच्या वर्तुळात आहे आणि त्याला तिथलं इंग्रजी लागतं. 'कुड यू' का मऊ लागतं हे मी इंग्रजी मातृभाषा असलेल्या एका सहकाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, 'तसं बोलायची पद्धतच आहे.' मलाही कुणी मराठीतला 'ना' समजावून सांग म्हटलं असतं, तर थाई शिकण्याआधी मी हेच उत्तर दिलं असतं. ज्याने भाषा कष्टाने कमावली, त्याला ती कुठून कशी जोडली आहे हे ठाऊक असतं. हे शिक्षकाचं भांडवल आहे आणि त्याची किंमत मिळाली पाहिजे.

जून महिन्यात तिथे 'वाय ख्रू' होतं, म्हणजे गुरुवंदना. ख्रू हा शब्द आपल्या गुरूपासून आलेला. मुलं तबकं सजवून आणतात आणि गुडघ्यांवर सरकत येऊन शिक्षकांपुढे ठेवतात. पहिल्या वर्षी माझ्यापुढे तबक आलं आणि मी बघतच राहिलो, त्यात हरळी होती. आपण गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो तीच. बरोबर इक्झोऱ्याचे लाल तुरे, वांग्याची फुलं आणि साळीच्या लाह्या. शेजारच्या थाई शिक्षकाने हळू आवाजात सांगितलं: हरळी कितीही तुडवली तरी पसरते, तशी विद्या पसरावी. इक्झोऱ्याचं नाव त्यांच्या भाषेत सुईवरून आहे, बुद्धी तशी टोकदार व्हावी. वांग्याचं फूल फळ धरताना मान खाली घालतं. लाह्यांचं सांगेपर्यंत पुढचं तबक आलं. रात्री आईला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, 'तठे बी गणपती शे का?' आहे म्हटलं, त्याला फ्रा फिखनेत म्हणतात. तिचा जीव भांड्यात पडला. पोरगं अगदीच परक्या मुलखात नाही, एवढं तिला पुरलं.

हे सगळं खरं आहे आणि मला फार मोलाचं आहे. आणि इथेच मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. सहाव्या वर्षी करार नवा करताना मी पगार वाढवून मागितला, तेव्हा व्यवस्थापक म्हणाले, 'मुलं तुमच्यावर किती जीव लावतात, पैशाचं काय घेऊन बसलात?' मी गप्प बसलो आणि सही केली. ती माझी चूक होती. मुलांनी लावलेला जीव मुलांनी मला दिलेला आहे. त्यातला एक बाटही शाळेच्या खिशातून आलेला नाही, मग शाळेने तो माझ्या पगारात का धरावा? आपल्याकडेही हेच चालतं. शिक्षकी पेशा पवित्र, म्हणून मानधन. राष्ट्र घडवता, म्हणून तासिका तत्त्व. ज्या कामात समाधान आहे, त्यात पैसे कमी देण्याची जणू मुभाच असते. परदेशातल्या या व्यवसायात तर समाधानाचीच जाहिरात करतात: प्रवास, निसर्ग, गोड मुलं. त्यात उन्हाळी सुट्टीचा पगार नाही, फंड नाही, पेन्शन नाही, करार दरवर्षी नवा. २०२० मध्ये कोरोनामुळे तिथल्या शाळा मेच्या मध्याऐवजी १ जुलैला उघडल्या. माझा करार शाळा उघडल्यापासून धरला गेला. मधले तीन महिने मी भात आणि अंड्यांवर काढले आणि घरी पैसे पाठवतो आहे असं आईला खोटं सांगत राहिलो. दलालाच्या सांगण्यावरून जे खोटं बोललो नाही, ते शाळेच्या करारामुळे बोलावं लागलं.

काय व्हायला हवं, याचा मी बराच विचार केला आहे. परदेशात कामाला माणसं पाठवणाऱ्या दलालाने भारत सरकारकडे नोंदणी केलीच पाहिजे, असा १९८३चा कायदा आहे. थायलंड हा ज्या देशांसाठी जाण्यापूर्वी सरकारी तपासणी लागते त्या यादीतही आहे. पण दहावी पास झालेल्याला ही तपासणी लागत नाही. कायदा करणाऱ्यांनी धरलं की शिकलेला माणूस फसत नाही. आम्ही एम.ए., बी.एड. होऊन फसलो. शिक्षकांच्या कराराची तरी आपल्या दूतावासाने नोंद करावी, पर्यटक व्हिसावर पाठवणाऱ्या दलालावर गुन्हा दाखल व्हावा, आणि जिल्ह्याजिल्ह्यात अशा कोर्सच्या नावाखाली बिननोंदणीची भरती करणारी दुकानं कुणीतरी तपासावीत. हे अवघड नाही. आखातात जाणाऱ्या गवंड्याला आणि सुताराला कागदावर तरी जे संरक्षण आहे, ते शिक्षकाला का नसावं?

दुसरं, परत आलेल्यांचं. मी परतलो तेव्हा ३७ वर्षांचा होतो. आपली भरती अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर होते, त्यात माझी नऊ वर्षं कुठेच बसत नाहीत. महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणलं. तेव्हापासून जिल्हा परिषदेच्या शाळांत जी मुलं इंग्रजीपुढे बसतात, त्यातल्या कितीतरी मुलांची ती तिसरी भाषा आहे: घरी भिली, पावरी, गोंडी, अहिराणी, मग मराठी, मग इंग्रजी. तिसरी भाषा कशी शिकवायची हे ज्यांनी परक्या मुलखात घासून घासून शिकलं, ते शिक्षक आज धुळ्यात कोचिंग क्लास काढून स्पोकन इंग्लिश विकत आहेत. त्यांचा अनुभव मोजा, त्यांना केंद्रशाळांमध्ये तरी बोलवा.

आणि तिसरं आपल्याच घरातलं. माझ्या मावसबहिणीच्या शाळेने गेल्या वर्षी जाहिरात दिली, त्यात शिक्षिका 'कॉन्व्हेंट शिकलेली' हवी असं लिहिलं होतं. आठवडाभर तिच्या उच्चारावर मुख्याध्यापिका बोलत होत्या, ती 'शे' म्हणत नसली तरी तिच्या इंग्रजीत गावाचा सूर आहे म्हणून. बँकॉकमधल्या जाहिरातीतली 'एनईएस' ही तीन अक्षरं आणि आपल्याकडचं 'कॉन्व्हेंट' यात मला फारसा फरक दिसत नाही. थाई शाळेने मला फोटोतून बाजूला केलं याचा मला राग येतो, तर इथे जे चालतं त्याचाही यायलाच हवा.

मावसबहिणीला मी दोन तास फोनवर हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'दादा, पण तू नऊ वर्षं राहिलास ना?' राहिलो. परत जायची संधी मिळाली तर जाईन, पण त्या करारावर नाही. मग आम्ही दोघांनी तिचा करार ओळीओळीने वाचला. व्हिसा कुठला, हे लिहिलेलं होतं आणि बरोबर होतं. कामाच्या परवान्याचा खर्च शाळा करणार, हेही होतं. पगार किती महिन्यांचा, तिथे दहा लिहिलं होतं. मार्च आणि एप्रिलबद्दल एक शब्द नव्हता. एकाच पदावरच्या इतर शिक्षकांना किती पगार आहे ते विचार, म्हणून मी सांगितलं. ती जरा घाबरली, मग म्हणाली, विचारते. काल रात्री तिने शाळेला मेल लिहिली. पाठवण्याआधी मला दाखवली. 'कुड यू प्लीज' तिने तीन ठिकाणी वापरलं होतं. पगाराच्या वाक्यातलं तेवढं मी तिला काढायला लावलं.